पेशींचा आकडा दुधाच्या मापासह वाचावा
वाराणसी परिसरातील गंगातिरी गाय संकरित गायीच्या मानाने कमी दूध देते. सुप्त कासदाह ओळखताना मात्र दोघींना बहुधा एकच निकष लावला जातो: प्रति मिलिलिटर २ लाख कायिक पेशी. या पेशी प्रामुख्याने पांढऱ्या रक्तपेशी, म्हणजे कासेच्या प्रतिकाराची खूण. पण दूध आटू लागले की त्याच पेशी थोड्या दुधात दाटतात आणि निरोगी गायही आजारी ठरू शकते. उलट भरपूर दुधात विरळ झालेला संसर्ग नजरेतून निसटतो, आणि तो अधिक घातक. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर त्या वेळचे दूध, वेताचे दिवस आणि धारेची वेळ नोंदवलीच पाहिजे. संकलन केंद्रावरील एकत्र दुधाचा आकडा तर कोणत्याही एका गायीविषयी काहीच सांगत नाही. शंका राहिल्यास चारही सडांची वेगवेगळी चाचणी करावी. प्रतिजैविकाची नळी त्यानंतर.