पदकानंतरचे इनाम आणि पदकाआधीची वर्षे

1956 साली, मलाया अजून ब्रिटिशांच्या अमलाखाली असताना, तेथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर 53 वर्षांनी, 2009 च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील एका शेतकऱ्याचा मुलगा, यांग योंग-उन, याने अमेरिकेतील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत टायगर वुड्सला मागे टाकले आणि गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एक जिंकणारा तो पहिला आशियाई पुरुष ठरला. दोघांच्याही कीर्तीत आशियातील स्पर्धांचा वाटा मोठा होता. परंतु खेळावर चरितार्थ चालतो काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोघांच्या वाट्याला अगदी वेगळे आले. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील तालमींत व मैदानांवर आज घाम गाळणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने या फरकाचा विचार अगत्याचा आहे.

नाटेकरांची कारकीर्द कोणत्याही मापाने थोर होती. 1954 साली ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीची सहा विजेतेपदे, थॉमस चषकात एकेरीच्या 16 सामन्यांपैकी 12 विजय, 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच तुकडीत समावेश आणि 1963 मध्ये बँकॉकची किंग्ज कप स्पर्धा. पण तो काळ हौशी खेळाडूंचा होता. बॅडमिंटनमध्ये रोख पारितोषिकांच्या खुल्या स्पर्धा 1970 च्या दशकाच्या अखेरीस आल्या, तोवर नाटेकरांचा उमेदीचा काळ सरला होता. त्या पिढीला खेळाने मान दिला, वेतन दिले नाही.

त्या मानाची किंमत कोणी मोजली, हे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना पैसे गोळा करावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे एका शिक्षकाच्या घरावर काढलेल्या कर्जातून आले. पुढे 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात रुजू झाले. 1984 मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

आता यांगची वाट पाहा. एकोणिसाव्या वर्षी गोल्फच्या सराव मैदानावर चेंडू गोळा करण्याच्या कामातून तो या खेळाकडे वळला. आधी कोरियातील दौरा, मग जपानचा दौरा, 2006 मध्ये शांघाय येथील मोठ्या स्पर्धेत वुड्सच्या पुढे राहून मिळविलेला विजय आणि मग अमेरिका. तेथेही पात्रता स्पर्धेची पायरी त्याला दोनदा चढावी लागली. यातील प्रत्येक पायरीवर स्पर्धांचे वेळापत्रक ठरलेले, क्रमवारी जाहीर आणि बक्षिसाची वाटणी आधीच ठाऊक. आज अमुक क्रमांक आला तर पुढच्या वर्षी कोठे खेळता येईल, हे तरुण खेळाडूला कागदावर मांडून पाहता येते.

ही व्यवस्था दयाळू आहे, असे मात्र कोणी समजू नये. व्यावसायिक गोल्फच्या स्पर्धेत बहुधा दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. पहिल्या दोन दिवसांनंतर त्यांपैकी निम्म्याहून अधिक गाळले जातात व त्यांच्या हाती बहुधा काहीच पडत नाही. विमानाचे तिकीट, हॉटेल, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे पैसे हा खर्च मात्र खेळाडूचाच. अमेरिकेच्या दौऱ्यावर एकूण रकमेचा साधारण 18 टक्के वाटा एकटा विजेता घेऊन जातो. बाजारपेठेचे सारे निर्दयपण येथे आहे. तरीही त्यात एक गुण आहे. विसाव्या किंवा तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूलाही तेथे काही मोबदला मिळतो आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उभा राहू शकतो. कोरियाच्या यशाचे मर्म एखाद्या यांगमध्ये नसून या मधल्या फळीत आहे. तिरंदाजीतही तेथील धनुर्धर प्रामुख्याने कंपन्यांच्या व नगरपालिकांच्या संघांत पगारावर असतात आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेला ह्युंदाई उद्योगसमूहाचा आधार 1985 पासून आहे. पदक येण्याच्या आधीच पगार सुरू झालेला असतो.

आपल्याकडे व्यावसायिक दौरा नव्हताच, असे म्हणणे मात्र खरे नाही. कुंडल, पुसेगाव आणि गावोगावच्या जत्रांतील कुस्ती मैदाने हा आपल्या मातीतला व्यावसायिक दौराच होय. इनामाची रक्कम जाहीर होते, जोड ठरते, हलगी कडाडते आणि निकाली कुस्तीवर हजारो रुपयांचा फैसला होतो. शेकडो मल्लांचा खुराक या इनामांवर चालत आला आहे. परंतु या दौऱ्याला क्रमवारी नाही. जोड ठरते ती वस्तादाच्या शब्दावर आणि मल्लाच्या नावलौकिकावर. गुडघा निखळला की हंगाम बुडतो आणि उपचाराचा खर्च घरच्या म्हशीच्या दुधातून किंवा सावकाराकडून भागवावा लागतो. आखाड्यातला तरुण पोलीस भरतीकडे डोळे लावून बसतो, त्याचे कारण त्याच्या मनोवृत्तीत शोधू नये. ते या अनिश्चिततेत आहे.

शासनाचे धोरण याच वृत्तीला खतपाणी घालते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पदक मिळताच रोख पुरस्कारांच्या घोषणा होतात. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण दोन्ही यशानंतरच्या आहेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास 72 वर्षे लागली. पदकाआधीची वर्षे त्याला तारून नेणारा एक आधार रेल्वेतील तिकीट तपासनीसाची नोकरी हा होता. ज्याला अशी नोकरी मिळत नाही, त्याची दहा वर्षे कोण पोसतो? त्याचे कुटुंब. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर जोखीम सारी घराची आणि यशाचा लाभ सर्वांचा. असा व्यवहार श्रीमंत घरांनाच फार काळ परवडतो.

साताऱ्याच्या अदिती स्वामीचे उदाहरण ताजे आहे. वडील शिक्षक. 2023 मध्ये बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत ती जगज्जेती झाली. त्या वेळी हा प्रकार ऑलिंपिकमध्येच नव्हता. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला आहे. तिच्या मागे येणाऱ्या मुलींनी तोपर्यंतचा खर्च कसा भागवावा, याचे उत्तर आज तरी आईबापांच्या भविष्य निर्वाह निधीत शोधावे लागते.

शिडी उभारता येते, याचा पुरावाही सांगलीतच आहे. माधवनगरच्या स्मृती मानधनाला 2023 च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात 3 कोटी 40 लाख रुपयांची सर्वाधिक बोली लागली. तो आकडा गाजला. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, त्या लीगमुळे फारसे नाव नसलेल्या मुलींनाही ठरलेले उत्पन्न मिळू लागले. 2025 च्या नोव्हेंबरात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्यामागे ही रुंदावलेली मधली फळी नाही, असे कोण म्हणेल?

शाळांना छप्पर नसताना खेळाडूंना पगार कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु येथे मागणी अधिक पैशाची नसून पैसा कधी द्यावा याची आहे. पदकानंतरच्या पुरस्कारातील काही भाग पदकाआधीच्या वर्षांकडे वळवता येईल. जिल्ह्यातील निवडक खेळाडूंशी तीन वर्षांचे मानधनाचे करार, सर्वांना दुखापतीचा विमा आणि कुस्ती मैदानांची एक जाहीर क्रमवारी, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. पश्चिम महाराष्ट्रातील काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा पूर्वीच घातली आहे. तिला नियमांची आणि पारदर्शक निवडीची जोड मिळाली, तर कृष्णाकाठाला कोरियाकडून उसनवारी करावी लागणार नाही.

प्राचार्य खर्डीकरांचे औदार्य आपण अभिमानाने सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण एखाद्या गुणी मुलासाठी पुन्हा कोणा शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले, तर तो अभिमानाचा विषय राहणार नाही. पंचाहत्तर वर्षांत आपण काहीच शिकलो नाही, एवढाच त्याचा अर्थ होईल.