चहा घेणार का?

‘तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी एवढं छान कसं?’ नवा एडिटर, पहिली कॉफी आणि हा प्रश्न, ठरलेलं कॉम्बिनेशन! अहो, माझ्या आजीने रेव्हरंड टिळकांची गाणी म्हणत मला झोपवलंय. (हे टिळक म्हणजे नारायण वामन.) लोकमान्यांची गोष्ट वेगळी. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहापानाला गेले म्हणून त्यांच्यावर आणि रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती.

पुण्यातल्याच आमच्या छोट्याशा मराठी चर्चमध्ये उपासनेनंतर चहा असतोच. खरी मंडळी तिथेच जमते. कुणाची बदली, कुणाची बायपास, माझं लग्न... सगळे विषय त्या कपाभोवती. डेडलाइनपायी दोन रविवार बुडाले, की सोमवारी क्वायरमधल्या मावशींचा फोन. ‘बरी आहेस ना गं?’

क्वायरमध्ये आता आम्ही सातजण. तिशीच्या आतली मी एकटीच. बाकी गँग इंग्रजी सर्व्हिसला जाते. तिकडे गिटार, ड्रम्स, एकदम हॅपनिंग. मलाही जावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आजीची गाणी तिकडे नसतात.

गेल्या रविवारी त्या एडिटरलाच चहाला बोलावलं. आला, चक्क दोन कप प्यायला. मावशींनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘बाळा, गाता येतं का रे?’