कायद्यातले झाड आणि डोंगरावरचे झाड

मृग नक्षत्र लागले की गोमंतकात आणि दक्षिण कोकणात वीज जाते, आणि दुसऱ्या दिवशी खुलासा येतो की तारांवर झाड पडले. खुलासा बहुधा खराही असतो. पण तो वर्षानुवर्षे ऐकून ऐकून एक विचित्र न्याय आपल्याकडे रूढ झाला आहे. खटला नेहमी झाडावरच चालतो. तार कोठून नेली, खांब कोठे रोवला, हे कोणी विचारीत नाही.

या न्यायाचे मूळ कायद्यात आहे. 2003 च्या विद्युत् अधिनियमाचे 68 वे कलम पाहावे. वाहिनीजवळचे झाड वीजवहनास अडथळा करीत असेल, किंवा करील असा संभव असेल, तर परवानाधारकाच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकाऱ्यास ते काढविता येते. तार येण्यापूर्वीपासून झाड उभे असेल तर संबंधितास भरपाई मिळते, एवढाच काय तो दिलासा. शिवाय ‘झाड’ या शब्दात झुडूप, कुंपण, रानवाढ आणि इतर कोणतीही वनस्पती येते, असे स्पष्टीकरण खाली जोडलेले आहे. ही शब्दयोजना 1910 च्या कायद्यातून चालत आलेली आहे. म्हणजे शतकाहून अधिक काळ या कलमाने वनस्पतीला अडथळा म्हणूनच ओळखले.

मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळाचा दाखला आमच्यापुढे टाकला जाईल. त्या वेळी गोव्यात शेकडो झाडे उन्मळली आणि गावेच्या गावे अंधारात राहिली, हे खरे आहे. पण पडणारी झाडे कोणती असतात? लवकर वाढते म्हणून रस्त्याकडेला लावलेली, ठिसूळ फांद्यांची ऑस्ट्रेलियन अकेशिया. गटारासाठी मुळे तोडलेला वृक्ष. तारेच्या बाजूने छाटछाटून तोल घालविलेला वृक्ष. आधी पांगळे करावयाचे आणि मग पडला म्हणून दोष द्यावयाचा, हा कोठला न्याय?

आता दुसरा दाखला. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले आणि विजेची उपकेंद्रे पाण्याखाली गेली. ती काही झाडाने बुडविली नाहीत. पाऊस असामान्य होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुरानंतर नदीतला गाळ उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले. डोंगर उघडा पडला की माती खाली येते, पात्र उथळ होते, आणि पाणी आपली वाट गावातून काढते. डोंगरावरचे रान हे खालच्या उपकेंद्राचे पहिले कुंपण होय. पण वीजखात्याच्या हिशेबवहीत त्याला जागा नाही.

यावर भूमिगत तारांचा उपाय सुचविला जातो. जेथे परवडेल तेथे तो अवश्य करावा. पण जांभ्या दगडातले खोदकाम स्वस्त नसते, रोहित्रे जमिनीवरच राहतात, आणि दरड कोसळली तर जमिनीखालची तारही तिच्याबरोबर जाते.

बेल्जियम आणि फ्रान्स या देशांत 2011 ते 2017 या काळात जंगलातून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांखाली, सुमारे 155 किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत, सरसकट तोड थांबवून ठेंगणी झुडपे, फळझाडे व कुरणे राखण्यात आली. उंच न वाढणाऱ्या झुडपांनी जमीन व्यापली की उंच झाडांना तेथे सहज जोर धरता येत नाही. पुनःपुन्हा तोड करण्यापेक्षा ही व्यवस्था दीर्घकाळात स्वस्त पडते, असा तेथील हिशेब निघाला. आपल्याकडे करवंद आणि निर्गुडी हे काम का करणार नाहीत?

तीच गोष्ट तिवरांची व खाजनांची. तिवरे वाऱ्याला पूर्णपणे अडवीत नाहीत, हे मान्य. पण ती लाटेचा जोर मोडतात आणि काठाची माती धरून ठेवतात. बांध आणि मानशी शाबूत असलेले खाजन पुराचे पाणी काही काळ आपल्या पोटात घेते. त्यावर भराव टाकून वस्ती वाढवावयाची, त्याच वस्तीसाठी सखल जागी रोहित्र बसवावयाचे, आणि ते बुडाले की निसर्गाच्या नावाने बोटे मोडावयाची, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

आमचे मागणे साधे आहे. खांब, तार आणि रोहित्र यांवरचा पैसा जसा जाळ्यावरचा खर्च समजला जातो, तसाच उतारावर राखलेले रान, दुरुस्त केलेला बांध आणि तारेखाली लावलेले झुडूप यांवरचा पैसाही समजला जावा. गोव्याचे वीजदर ठरविणाऱ्या संयुक्त विद्युत् नियामक आयोगाने त्यास मान्यता द्यावी. आणि 68 व्या कलमाखाली झाड तोडण्याचा अर्ज येईल तेव्हा ते झाड तेथे काय धरून उभे आहे, याची चौकशी दंडाधिकाऱ्यावर कायद्यानेच बंधनकारक व्हावी. आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून शिक्षा देऊ नये, हे तत्त्व आम्ही माणसांपुरते मानले आहे. झाडाला बोलता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने निदान एवढा प्रश्न विचारला जावा.