गावातील जुनी वास्तू

ऐतिहासिक वास्तू म्हटले की किल्ले आणि राजवाडे तुमच्या डोळ्यांसमोर येतात. पण खेड्यातील लहानशी इमारतही इतिहास सांगते. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्याचेच पाहा. शेतीच्या या प्रदेशात मध्ययुगात बांधलेली ६०० हून अधिक चर्च आजही आहेत. त्यांतील कित्येकांचे मनोरे गोल आहेत.

तेथील हॉटन ऑन द हिल येथे एक चर्च ओस पडले होते. छप्पर उरले नव्हते, भिंतींवर वेली माजल्या होत्या. १९९२ साली शेजारच्या गावातील बॉब डेव्ही यांच्या पत्नीला ते दिसले. डेव्ही यांनी ते स्वच्छ करायला घेतले. पुढे दुरुस्ती करताना गिलाव्याखाली सुमारे ९०० वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे सापडली!

पडक्या इमारतीवर कष्ट आणि पैसा का खर्च करावा, असे काही जण विचारतात. मला वाटते, याचे उत्तर त्या भिंतीच देतात. त्या कोसळल्या असत्या, तर चित्रेही मातीत गेली असती.

म्हणून जुनी वास्तू कोणत्याही धर्माची असो, तिचा मान राखा. तिच्या भिंतीवर नाव कोरू नका. ती कोणी, कधी बांधली, हे वडीलधाऱ्यांना विचारा. आपण ती जपली, तरच पुढच्या पिढीला ती पाहता येईल.