फोनवरची रॉयल्टी उघड करा!

राहू बेटातील बंधू-भगिनींनो,

ई-पीक पाहणी फोनवर, ऊस बिल जमा झाल्याचा मेसेज फोनवर, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायची तीही मोबाईल स्टार्टरवर. फोनवाचून आपलं पान हलत नाही. म्हणून कंपन्यांच्या पेटंटच्या भांडणात आपल्याला काय पडलंय, असं म्हणून आता भागणार नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये मोबाईल तंत्राची पेटंटं असलेल्या एरिक्सन कंपनीच्या दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने निकालाआधीच शाओमी कंपनीचे फोन आणण्या-विकण्यावर बंदी घातली. आठवडाभराने क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना मुभा मिळाली, पण फोनमागे १०० रुपये जमा करण्याच्या अटीवर. असा खर्च कोणती कंपनी पदरचा सोसते? तो किमतीत धरला जातो आणि गिऱ्हाईक भरतं.

२८ मार्च २०२४ रोजी त्याच न्यायालयाने लाव्हा या भारतीय कंपनीला पेटंटं वापरल्याबद्दल एरिक्सनला २४४ कोटी रुपये देण्यास सांगितलं. संशोधकाला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. आमचा आक्षेप हिशेबावर आहे. रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरण्याचा मोबदला, धरली ती अख्ख्या फोनच्या विक्री किमतीवर, १.०५ टक्के. म्हणजे सहा हजारांच्या फोनवर ६३ रुपये आणि बारा हजारांच्या फोनवर १२६. दोन्हींत आवाज पोहोचवण्याचं तंत्र तेच! महाग फोनचा कॅमेरा सरस असेल, बॅटरी मोठी असेल. त्यात एरिक्सनचा शोध कुठे आला? हे तंत्र ज्या चिपमध्ये चालतं, तिच्या किमतीवर रॉयल्टी लावा.

दुसरी गोष्ट याहून वाईट: दर लपवले जातात. २०२४-२५ चा उसाचा एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दर जाहीर असतो म्हणून तर कारखान्याशी भांडता येतं. मोबाईलच्या मानकांसाठी लागणारी पेटंटं रास्त आणि भेदभाव नसलेल्या दराने देऊ, असा शब्द पेटंटवाल्या कंपन्यांनीही दिलेला असतो. पण कुणाला काय दर लावला, ते करार कोर्टात बंद पाकिटात जातात आणि ठरावीक वकील-तज्ज्ञच ते वाचतात. जो पैसे भरतो, त्यालाच आकडा कळू द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

ओरडून काही होत नाही, असं समजू नका. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने सॉफ्टवेअरच्या पेटंटला वाट करून दिली होती. देशभर विरोध झाला आणि २००५ मध्ये संसदेने ती तरतूद गाळली. पेटंट मंजूर होण्याआधी त्याला कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो, हा हक्क आजही कायद्यात आहे.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडू: फोनवरच्या रॉयल्टीचे दर जाहीर करावेत, रॉयल्टी चिपच्या किमतीवर धरावी, आणि निकाल लागण्याआधी विक्रीबंदी घालू नये. सभेला या, ठरावावर सही करा. प्रत खासदारांकडे आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे पाठवायची आहे.

आपले,
राहू येथील फोनग्राहक शेतकरी