बापाच्या पंखाखाली

आमच्या मराठीत पाखरू आले की पाठोपाठ आई येते. घरटे आईचे, ऊब आईची, चोचीतला चाराही आईचाच. बाप बिचारा बहुधा कुठे तरी कामावर गेलेला असतो! वर्गात मी वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो आणि कोणी हरकत घेतली नाही. ती घेतली यंदाच्या श्रावणात माझ्याच एका विद्यार्थ्याने, आणि तीही कंबरभर पाण्यात उभे राहून.

आम्हां हिंगणेकरांना झिल्पीचा तलाव काही नवा नाही. पण सुटीच्या दिवशी तिथे पाखरांपेक्षा माणसेच फार. म्हणून हा मुलगा मला आपल्या गावच्या लहानशा तलावावर घेऊन गेला. त्याच्या घरी शिंगाड्याचे पीक. माझी नऊ वर्षांची लेकही बरोबर होती. तिच्या आईची दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरला बदली झाली. ती शनिवारी येते, सोमवारी पहाटे जाते, आणि त्या आठवड्यात तिचे येणे झाले नव्हते. घरात आम्ही दोघेच. माझ्या हातची वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटते, हे आता गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. "बाईमाणसावाचून लेकरू वाढते का रे?" असे म्हणून आत्याबाईंनी तिला वर्ध्याला आजीकडे ठेवण्याचा बेत मांडला होता. खरे सांगतो, मलाही तो पटू लागला होता.

तर त्या तलावात शिंगाड्याच्या पानांवरून एक पाखरू चक्क चालत होते! अंग गडद तपकिरी, तोंड आणि पंख पांढरे, मानेमागे सोनेरी पट्टा आणि विळ्यासारखी लांब, वाकडी शेपटी. हाच कमळपक्षी. पायांची बोटे आणि नखे इतकी लांब, की अंगाचा भार पसरतो आणि तरंगते पान बुडत नाही. हळूहळू ते एका पानोळ्यावर जाऊन बसले. खाली भोवऱ्याच्या घाटाची, तकतकीत तपकिरी चार अंडी होती.

"बघ, आई अंड्यांवर बसली," मी लेकीला म्हणालो.

"माय नाही जी सर," पाण्यातून आवाज आला, "बाप आहे थो!"

मी हसलो. घरी येऊन पुस्तके काढली, तेव्हा हसू मावळले. पोरगा खरा होता. या जातीत नर-मादी दिसायला सारखे. मादी तेवढी अंगाने मोठी. ती अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. पुढचे जवळजवळ चार आठवडे अंडी उबवतो तो बाप. पाणी चढले तर तीच अंडी ओढत, ढकलत दुसऱ्या पानावर नेतो. पिले जन्मतःच चालतात, आपले आपण टिपून खातात. पण त्यांना पंखाखाली घेणे, शत्रू आला तर त्याला भुलवून दूर नेणे, हे काम बापाचेच. यात मादीचा निष्ठुरपणा नाही. तरंगत्या घरट्यातली अंडी वारंवार नासतात. ती मोकळी असली तर लगेच नवी घालू शकते, असे जाणकार सांगतात. (एका हंगामात तिचे अनेक संसार असतात, हा भाग मी आमच्या घरी मोठ्याने वाचला नाही!)

मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात नोकरी केलेला हा माणूस २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. नवेगावबांधच्या पाण्यावर आणि रानात राहणाऱ्या माणसांकडून तो पाखरे शिकला. मला मात्र हे शहाणपण चाळिशी उलटल्यावर, विद्यार्थ्याकडून आले.

पाखरावरून माणसाने धडा घ्यावा, असे मी म्हणणार नाही. तो कमळपक्षी काही माझ्यासाठी अंडी उबवीत नव्हता. पण बापाच्या हाती लेकरू वाढतच नाही, ही सृष्टीचीच रीत आहे, असे जे मी मनाशी धरून बसलो होतो, ते खोटे निघाले. उरली ती फक्त माझी भीती. आणि भीतीपायी लेकीला घराबाहेर काढणे मला बरे वाटेना. आत्याबाईंना तसे पत्राने कळवले. समोर सांगण्याचे धैर्य अजून यायचे आहे.

परवा तो मुलगा दिवाळीसाठी उकडायला शिंगाडे घेऊन आला. घरटे होते तिथली वेल त्याच्या वडिलांनी महिनाभर हलवली नव्हती. चारांपैकी तीन पिले जगली म्हणाला.

"आणि त्यांचे बाबा?" लेकीने विचारले.

"ते आहेत न. शेपटी गळली त्यांची."

लेकीने माझ्या टकलाकडे एकदा नीट पाहिले आणि कंगवा आणून माझ्या हातात दिला.