आवाज आपला, मोल कोणी ठरवायचं?

गावात कार्यक्रम ठरला की मांडववाल्याचे पैसे ठरतात, स्पीकरवाल्याचे ठरतात, चहावाला तर आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कप धूत नाही. आणि तीन तास माईकसमोर उभं राहून सगळा कार्यक्रम पुढे नेणाऱ्या निवेदिकेला काय? गुलाबाचं फूल आणि "ताई, काय गोड आवाज हो तुमचा!"

महिला मंडळाच्या कामासाठी तालुक्यात फिरताना हे हमखास दिसतं. आमच्या एका मैत्रिणीने साड्यांच्या सेलची जाहिरात रेकॉर्ड करून दिली. रिक्षावर लावून ती पंधरा दिवस गावभर वाजली. हिला मिळाली एक साडी, तीही सेलमधलीच! रिक्षावाल्याला मात्र रोजचे रोख पैसे. मी विचारलं, तर म्हणते, "बोलण्याचे कसले पैसे मागायचे, वहिनी?"

खरी गोम इथेच आहे. बोलणं ही हौस, काम नव्हे, असं आपल्यालाच वाटतं. जरा हिशेब मांडून बघा. 'स्टोरीटेल' २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी पुस्तकं 'ऐकण्याची' सवय बऱ्याच जणांना लागली. पण ऐकायला तासभर लागणारा मजकूर तयार करायला नवख्या बाईला चार-पाच तास सहज जातात. आधी वाचून उच्चार पक्के करायचे ('चहा'मधला च वेगळा, 'चमचा'मधला वेगळा), पंखा बंद करून घामाघूम होत वाचायचं, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की वाक्य पुन्हा, मग चुका शोधून काढायच्या. म्हणून कोणी तासाचा दर सांगितला तर आधी विचारा, तास कुठला? तयार झालेल्या आवाजाचा की माझ्या कष्टाचा? मजकूर बदलला तर पुन्हा वाचण्याचे वेगळे का? जाहिरात किती दिवस आणि कुठे कुठे वाजणार?

पैशांचं बोलणं बाईला शोभत नाही म्हणणाऱ्यांनी लताबाईंना आठवावं. गायकांनाही रॉयल्टी हवी, असा आग्रह त्यांनी साठच्या दशकात धरला. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे घेतले की आपला संबंध संपला. यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायली नाहीत. सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल कलाकाराला रॉयल्टीचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला तो २०१२ च्या दुरुस्तीने. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी!

आता तर संगणक आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. अरिजित सिंगच्या दाव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगीशिवाय त्याच्या आवाजाची अशी नक्कल करायला मनाई केली. तो नामवंत, आपल्यासाठी वकील कोण लावणार? तेव्हा काम घेतानाच 'माझा आवाज फक्त याच कामासाठी, संगणकाला शिकवण्यासाठी नाही' एवढं लिहून घ्या. स्टॅम्पपेपर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्याचं 'मान्य' आलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

पहिल्यांदा दर सांगताना घशाला कोरड पडेल. आरशासमोर दोन-तीनदा म्हणून बघा. मग आकडा सांगा आणि गप्प बसा. "कमी-जास्त करू हं" हे शेपूट जोडू नका. बाजारात भाव करताना आपण अशाच गप्प उभ्या राहतो की!